चारशे फुटांपर्यंत

कॉकपिट कागदाचं आहे.
झेरॉक्सवाल्याने चार तुकड्यांत काढून दिलेलं,
कपाटाच्या दारावर चिकटवलंय.
इंधनाच्या पंपांमधून कडी बाहेर येते,
म्हणून साडी काढायची असली
की आई आधी विचारते, "उडतेयस का गं?"

बाबा डावीकडे, कॅप्टनच्या जागी, प्लास्टिकच्या स्टुलावर.
एकतीस वर्षं त्यांनी फ्लाइट किचनमध्ये
ट्रेवर फॉइल दाबलं:
लोणी, चमचा, मिठाची पुडी, पुढचा ट्रे.
विमानात कधी बसले नाहीत,
पण चेकलिस्ट म्हणजे काय
हे त्यांना सांगावं लागत नाही.
"पार्किंग ब्रेक?"
"सेट."
"बघितलंस, की नुसतं म्हणालीस?"
कागदावर काय बघणार, बाबा.
तरी मी वाकून बघते.

परवाना मिळाला तेव्हा मी तेवीसची होते.
दोनशे तास, बँकेचं कर्ज, आणि एक पुस्तिका
जिच्यात कुठल्याच मोठ्या विमानाचं नाव नव्हतं.
मग पाच वर्षं जरीमरीत
नववीच्या पोरांना त्रिकोणमिती शिकवली.
शेजारच्या काकू विचारायच्या, "मग, विमान कधी?"
आणि त्यांच्याच पत्र्यावरून एक जायचं.

आमच्या गल्लीत बोलायची रीतच तशी.
विमान आलं की वाक्य तिथंच सोडायचं,
हात हवेत, तोंड अर्धं उघडं;
ते पलीकडे टेकलं की पुढचा शब्द.
भांडणंही अशीच होतात, हप्त्याहप्त्याने.
नोकरीची बातमी मी "मला एअर..." इथं थांबून
मग सांगितली.
आईला तोवर चेहऱ्यावरून कळलं होतं.

सिम्युलेटरची वेळ रात्री दोन ते सहा.
पांढरी पेटी, सहा पायांवर.
पूल मागे सरकला की आतलं तेच खरं.
जोडीदार रूबेन पेणकर, अलिबागचा,
घाबरला की नखांवर फुंकर घालणारा.
मागे कॅप्टन बिलिमोरिया, मांडीवर थर्मास,
आणि बोटाखाली आमची सगळी संकटं.

व्ही-वन.
डावं इंजिन गेलं.
नाक डावीकडे ओढलं, मी उजवा पाय दिला,
कमी, मग जास्त, मग हातानेही काहीतरी चाचपलं,
आणि मुंबई तिरकी होऊन थांबली.
फ्रीज.
"धनावडे, बटणाला हात कोणी लावायला सांगितला?
चारशे फुटांपर्यंत काही करायचं नसतं.
घंटा वाजू दे. लाल दिवा लागू दे.
पाय दे, नाक सरळ ठेव, चढ.
आग कुठं पळून जात नाही."

थांबलेल्या काचेतून मी खाली पाहिलं.
शून्य-नऊच्या टोकापलीकडे, आमची गल्ली हवी तिथं,
सपाट तपकिरी डाग.
टाक्या नाहीत, निळी ताडपत्री नाही,
बोलता बोलता थांबलेलं कोणी नाही.
मला हसू आलं. कॅप्टनना वाटलं, उद्धट आहे.
पण थांबणं हा एक विषय
माझा लहानपणापासून पक्का होता;
तो इथं परीक्षेला येईल हे कोणी सांगितलं नव्हतं.

रूबेनला दोन सत्रं जादा लागली.
"तू हो पुढं," म्हणाला, नखं बघत.

परीक्षेच्या रात्री परीक्षक नवा, गप्प, मोजे निळे.
इंजिन गेलं, नेमकं तिथंच.
घंटा वाजत राहिली.
फॉइलची कड दाबावी तसा पाय दाबून धरला,
नाक सरळ, हात रिकामे,
दोनशे. तीनशे. वर बसलेलं कोणीतरी
आपलं वाक्य संपवत होतं.
चारशे.
मग मी पुढचा शब्द बोलले.

सही पावणेसातला झाली.
ते नाव अजून पुस्तिकेत चढायचंय,
कागद सरकारी टेबलावरून फिरून येतील,
मग धावपट्टीवर खरं विमान, खरी चाकं.

दारात बाबा, स्टूल बाहेर आणून बसलेले.
"झालं?"
मी तोंड उघडलं, आणि वरून विमान आलं.
बाबा हात हवेत धरून थांबले.

आत आईने, आज न विचारताच,
कडी काढली.
पंप, इंजिनं, सगळं कॉकपिट
दाराबरोबर भिंतीकडे वळलं,
आणि ती ठेवणीतली साडी शोधू लागली.